मेलहाउगचं कूळ

सलग तेवीस दिवस पडून पाऊस गुरुवारी सकाळी थांबला, तेव्हा बाक्क्याचं निम्मं गवत कापून जमिनीवर पडलेलं होतं. आनफिननं ते सोमवारी कापलं होतं, कारण मंगळवारी उघडेल असं रेडिओनं सांगितलं होतं. रेडिओचं काय जातं? तीन दिवस गवत चिखलात लोळलं. खालून पिवळं पडलं, हातात घेतलं की आंबूस वास यायला लागला. आज तारांवर चढलं तर निम्मं तरी वाचेल, उद्यापर्यंत राहिलं तर गाईसुद्धा तोंड लावणार नाहीत, असा तो दिवस होता.

बाक्का म्हणजे आमच्या खोऱ्यातली सगळ्यात उभी जमीन. तिथे यंत्र चढत नाही. लांब दांड्याच्या विळ्यानं कापायचं, दाताळ्यानं ओढायचं, खांब रोवून त्यांना तारा ताणायच्या आणि ओलं गवत मूठमूठ करून त्या तारांवर टांगायचं. हे काम तिथे दोघं करत. गुनवोर बावन्न वर्षांची, तिचा भाऊ आनफिन साठीचा. आनफिनचा डावा खुबा गेलेला. उतारावर तो खेकड्यासारखा आडवा चाले. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. बाक्क्याला नांदायला येईल अशी बाई आणि बाक्का सोडू देईल अशी आई, दोन्ही त्यांना मिळाल्या नाहीत. आई, सिन्नोवे, चौऱ्याऐंशीची. अजून चुलीपाशी तिचंच राज्य होतं.

आनफिन पहिला खांब ठोकत होता तेव्हा वरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर आला. मेलहाउगचा सिवर्ट. मेलहाउग म्हणजे बाक्क्याच्या वरच्या अंगाचं मोठं शेत. पांढरं दुमजली घर, कोठार, कोठारावर घंटा, पस्तीस गाई. सिवर्ट खोऱ्याच्या इतिहास मंडळाचा अध्यक्षही होता.

"काय गुनवोर, उघडलं एकदाचं!"

"उघडलं."

"अगं, ते शनिवारी येणारे अमेरिकेचे पाहुणे आजच येतायत. दुपारच्या बोटीनं. बाप आणि लेक. आमच्याच घराण्यातले, मेलहाउग आडनावाचे. सगळ्यांना बोलावलंय, पाद्री, मास्तर, पेपरवालासुद्धा. आणि बायकोचा हात प्लॅस्टरमध्ये. आंबट सायीची लापशी तुझ्याशिवाय कुणाला जमते?"

गुनवोरनं जमिनीवरच्या गवताकडे पाहिलं. "आज, सिवर्ट?"

"गवत कुठे पळून जातंय?"

"पळत नाही," आनफिन खांबावर रेलून म्हणाला, "कुजतं."

सिवर्ट हसला. तो आपला चारा हिरवाच हवाबंद टाकीत कोंडून ठेवी. ओल्या गवताची काळजी म्हणजे काय ते विसरून त्याला दहा वर्षं झाली होती. "वरचं कुरण यंदाही तुमच्याचकडे ठेवायचं, असं पोरांना सांगितलंय मी," तो हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला. "दहापर्यंत ये." आणि ट्रॅक्टर वळवला.

मेलहाउगच्या वरच्या कुरणाशिवाय बाक्क्याच्या पाच गाई उन्हाळाभर जगणार नव्हत्या. हे तिघांनाही ठाऊक होतं. गुनवोर घरात गेली. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, नखांतला हिरवा रंग काही निघाला नाही. सिन्नोवे चुलीपाशी उभी राहून बघत होती.

"कुठे निघालीस?"

"मेलहाउगला."

"वेठीला?"

"आई, ते दिवस गेले आता."

"गेले ना? मग तू कुठे निघालीस?"

गुनवोर रस्त्याला लागली आणि तिनं मागे वळून पाहिलं, तर म्हातारी दाताळं घेऊन शेतात उतरत होती.

मेलहाउगला काठीवर झेंडा चढला होता. स्वयंपाकघराच्या दारानं आत गेल्या गेल्या सिवर्टच्या बायकोनं तिच्या हातात इस्त्री केलेला पांढरा एप्रन ठेवला. खांद्यावर झालर असलेला, जुन्या काळच्या मोलकरणी घालत तसला. "सासूबाईंच्या वेळचा आहे गं. फोटोत छान दिसेल." गुनवोरनं तो बांधला. नाड्या आखूड होत्या. एखाद्या बारक्या पोरीच्या कमरेसाठी शिवलेला असावा.

लापशीचं काम घाईचं नसतं. साय ढवळत राहावी लागते, पीठ थोडंथोडं सोडावं लागतं, वर लोणी सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. खिडकीतून ऊन आत आलं होतं. तेवीस दिवसांनी आलेलं ऊन, आणि ते तिच्या लाकडी डावावर पडत होतं. तिचं लक्ष एकसारखं त्या उन्हाकडे. गवत आत्ता तारांवर असतं तर पहिला थर सुकला असता.

दोनला पाहुणे आले. बाप ऑर्लिन, पंचाहत्तरीचा, उंच, मानेत वाकलेला. गुनवोरनं दाराच्या फटीतून आधी त्याचे हात पाहिले. बोटांची पेरं सुजून गाठाळ झालेली, करंगळीचं टोक नाही. जन्मभर दूध काढलेला माणूस. लेक कॅरल, पन्नाशीची, गुलाबी कोट. पांढरं घर दिसलं आणि तिला रडूच कोसळलं. सिवर्टला शेतकी शाळेत शिकलेलं इंग्रजी येत होतं. त्यानं तिचा हात धरून तिला पुढच्या दारापाशी नेलं आणि आधी आपल्या भाषेत सगळ्यांना, मग तिच्या भाषेत तिला सांगितलं, "याच दारातून तुमचे पणजोबा नील्स बाहेर पडले. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. मेलहाउगचा मुलगा."

कॅरलनं चौकटीला गाल लावला. पेपरवाल्यानं फोटो काढला. ती चौकट सिवर्टच्या आजोबांनी बसवली होती, नील्सची बोट गेल्यावर तीस वर्षांनी. आणि सिवर्टच्या पणजोबांना, लार्सला, धाकटा भाऊच नव्हता.

जेवणं झाली. खारवलेलं मटण, पातळ कुरकुरीत भाकऱ्या, लापशी. मग सिवर्ट उठला, दोन शब्द बोलला आणि ऑर्लिनला म्हणाला, आता तुम्ही बोला. म्हातारा टेबलाला धरून उभा राहिला.

"लई झ्याक केलंसा," तो म्हणाला. "पोट भरलं, डोळं भरलं. म्या लई लांबनं आलोया."

टेबलाभोवती हसू फुटलं. आमच्या खोऱ्यात असं बोलणारी माणसं केव्हाच मातीआड गेली होती. नील्स चौदा वर्षांचा असताना जी भाषा घेऊन बोटीत बसला, तीच त्यानं तिकडच्या सपाट मुलखात नातवाला दिली होती, एक शब्द न बदलता.

"अरे, याला संग्रहालयात ठेवा रे!" मास्तर म्हणाले. "माझी पणजी उठून बसली असं वाटलं मला!"

सगळे पुन्हा हसले. ऑर्लिनही हसला, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यानं हसणं थांबवलं.

"एक इचारतो. व्हाळ कुठं हाय?"

"ओहोळ? खाली आहे, बराच खाली," सिवर्ट म्हणाला.

"आमचा आजा म्हनायचा, दारात बसलं का पायापाशी व्हाळ वाजायचा. आन वरनं घंटा व्हायची. घंटा झाली रं झाली का बा हातातलं टाकून वर पळायचा. जेवत असला तरी पळायचा." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. कोठार अंगणातच होतं, हात लावावा इतकं जवळ. "घंटा तर हितंच हाय. मग माजा पणजा वर कुठं पळत व्हता?"

त्या खोलीत साठीच्या पुढची सात माणसं होती आणि सातांनाही माहीत होतं. पाद्रीबुवा कपात बघायला लागले. मास्तरांनी पातळ भाकरीचा तुकडा मोडला, तो मोडल्याचा आवाज मोठा झाला.

"लहानपणी ऐकलेलं," सिवर्ट म्हणाला, "सत्तर वर्षांत इकडचं तिकडे होतंच. गुनवोर, कॉफी!"

गुनवोर किटली घेऊन दारातच उभी होती. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. "बाय, तुला ठावं हाय का?"

तिला ठाऊक होतं. तिनं पुढे होऊन त्याच्या कपात कॉफी ओतली, मग सिवर्टच्या, मग पाद्रीबुवांच्या. पुढे कितीतरी महिने तिला त्या तीन कपांची लाज वाटत राहिली. कॅरलनं काहीतरी विचारलं. सिवर्टनं तिला इंग्रजीत हसून उत्तर दिलं आणि तीही हसली, गुनवोरकडे बघून, मोलकरणीकडे बघावं तशी प्रेमानं.

गुनवोरनं किटली लेसच्या टेबलक्लॉथवर तशीच ठेवली. काळं वर्तुळ उमटलं.

"माझं गवत पडलंय," ती म्हणाली. नाड्यांची गाठ सुटेना तेव्हा तिनं ती ओढून तोडली, एप्रन खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. तेवढंच जमलं तिला.

खाली बाक्क्यात चार तारा भरल्या होत्या. अकरा रिकाम्या. आनफिन खांबाला पाठ लावून जमिनीवर बसला होता, ओठ पांढरे पडलेले. खुबा अडकला होता. आई एकटी गवत टांगत होती, परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि प्रत्येक मुठीबरोबर तोंडातून बारीक आवाज येत होता, हुं, हुं. समुद्राच्या बाजूला आभाळ शिशासारखं झालं होतं.

"आई, आत जा."

"तू नव्हतीस तेव्हा कुणी सांगितलं नाही मला आत जायला."

गुनवोरनं गवत उचलायचा काटा हातात घेतला. पाच मिनिटं झाली असतील. वरच्या बांधावरून कुणीतरी तिरकं तिरकं उतरत येताना दिसलं. सणाचे बूट, कोट खांद्यावर. ऑर्लिन.

"गवात अजून भुईवर का हाय?" त्यानं विचारलं. "आज तर उघडीप हाय!"

"मी मेलहाउगला तुमच्यासाठी लापशी ढवळत होते म्हणून," गुनवोर म्हणाली. इतका वेळ गिळलेलं सगळं त्या एका वाक्यात बाहेर आलं. म्हाताऱ्यानं ते ऐकलं, मान हलवली. वाईट वाटलं वगैरे काही म्हणाला नाही. कोट खांबाला अडकवला, बाह्या वर केल्या आणि दाताळं घेतलं. त्यानं पहिलीच ओढ घेतली आणि आनफिननं बसल्या जागेवरून पाहिलं, माणूस कामाचा आहे. उतारावर वरच्या पायावर भार ठेवून ओढत होता. हे सपाटीवर कुणी शिकवत नाही. तेही आज्यानंच शिकवलं असणार.

गुनवोर, ऑर्लिन आणि तारेच्या पार दुसऱ्या टोकाला आई, तिघं कामाला लागली. सातवी तार भरली. आठवी भरली. नववी अर्धी झाली आणि पाऊस आला, सुरुवातीला थेंब मोजता येतील असा, मग दणादण. राहिलं ते राहिलं. दोन गाईंचं हिवाळ्याचं खाणं तिथे चिखलात पडून होतं. त्या कुजणाऱ्या गवताकडे बघताना गुनवोरच्या मनात आलं, लार्सच्या काळी घंटा वाजवावी लागायची. आता कुरणाचं नाव काढलं तरी पुरतं.

स्वयंपाकघरात आल्यावर ऑर्लिन डोकं पुसत म्हणाला, "लई पानी पडतंया. आमच्याकडं असं सरळ पडत न्हाई, वाऱ्यासंगं आडवं पडतंया."

सिन्नोवे लाकडं सारत होती. बाहेर तिला काही ऐकू आलं नव्हतं. ती तशीच थबकली. "कोण बोललं ते?"

"पाहुणे आहेत, आई."

"इंगेबोर्ग आजी अशी बोलायची." ती वळली, त्याच्या अगदी जवळ गेली आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "तू कुणाचा रे?"

"नील्सचा नातू म्या. ओलाचा पणतू."

म्हातारी बाकावर बसली. तिनं त्यालाही समोर बसवलं. मग हातातलं लाकूड न सोडताच तिनं सांगितलं, आणि कुठेही अडखळली नाही.

"ओला मेलहाउगचा मुलगा नव्हता. मेलहाउगचं कूळ होता. खाली ओहोळापाशी त्याचं खोपट होतं. दोन बकऱ्या आणि एवढासा तुकडा. त्याच्या बदल्यात आठवड्याचे चार दिवस वेठ. कोणते चार, ते लार्स ठरवायचा. उघडीप झाली की घंटा. म्हणजे कोरड्या दिवशी लार्सचं गवत, पावसात आपलं. एका साली असाच पाऊस लागला. आणि एक दिवस उघडलं. घंटा झाली. ओला गेला नाही. आपलं गवत टांगत राहिला. दुसऱ्यांदा झाली, तरी गेला नाही. तिसऱ्या दिवशी लार्स माणसं घेऊन आला आणि खोपटाचं छप्पर उतरवलं. वरची हरळीची माती, खालची झाडांची सालं, सगळं. आत बायको तापात पडली होती. तिच्या अंगावर माती पडली."

"ह्ये आजानं सांगितलं न्हाई," ऑर्लिन हळूच म्हणाला. "त्यो म्हनायचा, छप्पर ग्येलं. म्या समजलो वाऱ्यानं ग्येलं."

"वाऱ्याला नाव ठेवणं सोपं असतं," सिन्नोवे म्हणाली. "ती सगळी शरदात बोटीनं गेली. एक मागे राहिली. नील्सची थोरली बहीण, इंगेबोर्ग. माझी आजी."

ऑर्लिनचा चेहरा बदलला. "बहीन," तो म्हणाला. "आजा मरंपतूर म्हनायचा, सगळं इसरंन, पर बहीन काठावर बी आली न्हाई ह्ये इसरनार न्हाई. तिनं मोठ्या घरात ऱ्हायाचं ठरीवलं, आमी तिला गरीब वाटलो. साठ वरसं म्हनत व्हता."

"खोटं!" म्हातारीनं हातातलं लाकूड टेबलावर आपटलं. कप उडाले. "तिला सोडलं नाही! मेलहाउगला मोलकरीण होती ती, सतरा वर्षांची. वर्षाचा करार पुरा व्हायला सहा महिने होते. तिनं लार्सचे पाय धरले. नुसतं काठापर्यंत जाऊन येते म्हणाली. लार्स म्हणाला, बापानं एक दिवस बुडवला, तू दुसरा बुडवणार? दुसऱ्या कापणीच्या गवतात उभी केली तिला, सगळ्यात वरच्या पट्ट्यात. तिथून बोट दिसत होती. ती दाताळं वर धरून हलवत राहिली. कुणी वर बघितलंच नाही."

ऑर्लिननं दोन्ही हात तोंडावर घेतले. तो मोठा माणूस, त्याचे खांदे हलायला लागले, पण ते नुसतं रडणं नव्हतं. हात काढले तेव्हा त्याचा चेहरा संतापानं काळा पडला होता.

"त्यो तिच्यावर रागावून म्येला," तो म्हणाला. "साठ वरसं चुकीच्या मानसावर रागावला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्लिन आणि गुनवोर ओहोळावर गेले. आनफिनसुद्धा काठी टेकत आला. खोपटाची जागा गुनवोरला पोरपणापासून माहीत होती, पण बरीच वर्षं ती तिकडे फिरकली नव्हती. आता तिथे दगडांचा ढीग होता, दोन पुरुष उंच. सिवर्टनं शेतात चर खणले तेव्हा निघालेले दगड वीस वर्षं इथेच ओतले होते. त्यात गंजकी तार, फाटके टायर, एक मोडकं शिवणयंत्र. चांगली मोकळी जागा शेजारीच पडलेली असताना नेमकं इथेच.

ऑर्लिननं एक दगड उचलला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. गुनवोरनं टायर ओढून काढले. आनफिन बसून, ढुंगण सरकवत, लहान दगड बाजूला फेकत होता. दोन तास गेले. ऑर्लिनच्या नखातून रक्त येत होतं. ढिगाच्या कडेला, ओहोळाच्या अंगाला, एक रुंद सपाट दगड लागला, मधोमध पायांनी झिजलेला. उंबऱ्याबाहेरची पायरी. ऑर्लिन तिच्यावर बसला. ओहोळ त्याच्या बुटांपासून दोन हातांवर वाजत होता.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. सिवर्ट आणि कॅरल. सिवर्ट जवळजवळ पळतच आला.

"हे काय चाललंय? जागा माझी आहे!"

"जागा तुझी," आनफिन म्हणाला. "दगडही तुझेच. उचल की मग."

"शंभर वर्षांपूर्वीच्या भानगडी आहेत या! मी काय केलंय? मी जन्मलो तरी होतो का?"

"काल जन्मला होतास ना?" गुनवोर म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "काल सगळ्यांसमोर खोटं बोललास, ते शंभर वर्षांपूर्वीचं नाही. त्या बाईला आपल्या दाराची चौकट कवटाळायला लावलीस. आणि या म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, तर माझ्याकडून कॉफी ओतवलीस."

"त्यांना आनंद झाला! इतक्या लांबून आलेल्या माणसाला मी दगडांचा ढीग दाखवायला हवा होता?"

"ढीग तूच केलास, सिवर्ट."

सिवर्ट लाल झाला. त्यानं आवाज खाली आणला. "गुनवोर, कुरणाचं लक्षात ठेव."

"लक्षात आहे. म्हणूनच काल आले, आणि माझं गवत कुजलं. ठेव तुझं कुरण तुझ्याकडे."

आनफिननं तिच्याकडे पाहिलं, पाच गाईंचा विचार त्याच्या डोळ्यांत येऊन गेला, पण तो म्हणाला, "बरोबर बोलली ती."

कॅरल ओल्या गवतात नाजूक बुटांनी उभी होती. काय झालं ते ती बापाला विचारत होती. ऑर्लिननं पायरीवर बसूनच तिला सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी कणव आली. मग तिनं पांढऱ्या घराकडे पाहिलं, मग ढिगाकडे, आणि ती भराभर बोलू लागली. बापानं ते इकडच्या भाषेत सांगितलं, गुनवोर आणि आनफिनला कळावं म्हणून.

"ती म्हनतीया, घराण्याचं पुस्तक छापाय ग्येलंय. दोनशे परती. म्होरल्या पानावर त्या घराचं चित्तर हाय. सगळ्या नातेवाइकांनी सांगून ठिवल्यात. आता बदलाय येनार न्हाई. आन ती म्हनतीया, लोकांस्नी काय सांगायचं, आमी दगडाच्या ढिगातलं हाय?" तो उठला. "तिला म्या सांगितलं, व्हय. ह्येच सांगायचं."

सिवर्टनं कॅरलला कोपराला धरून गाडीकडे नेलं. ऑर्लिन दुपारपर्यंत दगड काढत राहिला. संध्याकाळच्या बोटीनं ती दोघं गेली. काठावर सिन्नोवे गेली होती, आनफिनच्या खांद्याला धरून, चौऱ्याऐंशी वर्षांची. जाणं-येणं धरून सहा किलोमीटर. बोट वळेपर्यंत ती हात वर करून उभी राहिली, आणि ऑर्लिनही कठड्याशी उभा राहून हात हलवत होता.

कुरण गेलं. सिवर्टनं ते चुलतभावाला दिलं. ऑक्टोबरात तीन गाई विकल्या. त्यातली एक गुनवोरनं स्वतः बाटलीनं वाढवलेली होती. खोऱ्यात लोक म्हणायचे, कशाला उकरायचं जुनं? दुकानात बायका तिच्याशी हवेबद्दल बोलत, दुसरं काही नाही. मास्तर तिला बघून टपालपेटीपाशी उगीच पत्ता वाचत उभे राहत. पाद्रीबुवा एकदा घरी आले, कॉफी घेतली आणि म्हणाले, क्षमा करायला शिकावं माणसानं. सिन्नोवेनं विचारलं, "मागितली का कुणी?" ते दुसरा कप न घेता उठले.

फेब्रुवारीत टपालानं पुडकं आलं. जाड पुस्तक, सोनेरी अक्षरं. गुनवोरनं उघडलं. पहिलंच पान फुगलेलं होतं. पांढऱ्या घराच्या चित्रावर एक कागद चिकटवला होता, चारी कडांनी, खळ इतकी दाबून लावलेली की बाहेर ओघळून वाळली होती. कागदावर हातानं लिहिलेलं, बोलतो तशा वेड्यावाकड्या स्पेलिंगचं. सोबत चिठ्ठी होती. दोनशे प्रती छापून त्याच्या तबेल्यात येऊन पडल्या होत्या आणि लेक परगावी होती. अकरा दिवस बसून त्यानं दोनशे कागद लिहिले, अर्धे इंग्रजीत, अर्धे असे. एक प्रत मेलहाउगलाही पाठवली होती. लेक बोलत नव्हती त्याच्याशी. बोलेल, त्यानं लिहिलं होतं, माझ्यासारखीच हट्टी आहे.

सिन्नोवेचे डोळे आता गेलेच होते. "वाच," ती म्हणाली.

गुनवोरनं वाचलं. "ह्ये घर आमचं न्हवं. आमी मेलहाउगचं कूळ. आमचं घर खाली व्हाळापाशी, आता दगडाखाली हाय. माजा पणजा ओला यानं उघडिपीला आपलं गवात आधी टांगलं, म्हून लार्स मेलहाउगनं त्याचं छप्पर उतरीवलं, आत आजारी मानूस असताना. ओलाची लेक इंगेबोर्ग हिला काठावर येऊ दिलं न्हाई. तिला यायचं व्हतं. ती वरनं हात करत व्हती. आमच्यातल्या कुनी वर बघितलं न्हाई. ह्ये तिच्या नावानं लिवलंया. ऑर्लिन."

म्हातारी चुलीकडे तोंड करून बसली होती. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि खोऱ्यात कुठे पान हलत नव्हतं.

"दार उघड," ती म्हणाली.

"आई, थंडी येईल."

"येऊ दे. दार उघड, उभी राहा, आणि मोठ्यानं वाच."

गुनवोरनं दार उघडलं. वर मेलहाउगच्या खिडक्या दिसत होत्या, ऐकू जाईल इतक्या जवळ नव्हत्या. ती उंबऱ्यात उभी राहिली, पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली.